सत्यवतीकाकीचा ब्रदर

देव सांगायला यायचं तर जरा काळवेळ बघून यावं की नाही? इनास लोबोनं ते काही बघितलं नाही. तो आमच्या पार्से गावात आला शहाऐंशी सालच्या नोव्हेंबरात. गोव्यात तेव्हा भाषेचा वाद पेटला होता. कोकणी की मराठी, या एका प्रश्नावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारातून मान फिरवून जात होते. मी स्वतः कट्टर मराठीवाला. माझा लाउडस्पीकरचा धंदा. मराठीच्या सभेला भोंगे फुकट आणि कोकणीच्या सभेला भोंगे बिघडलेले, असा माझा सरळ कायदा होता. अशा दिवसांत हा सव्विशीतला किडकिडीत पोरगा सायकल टेकवून माझ्या दुकानात शिरला आणि म्हणाला, "म्हाका एक मायक जाय. जेजूचेर उलोवपाचें आसा."

त्याला येशूवर बोलायला माइक हवा होता; येशूला बार्देशातले ख्रिस्ती लोक जेजू म्हणतात, एवढं मला ठाऊक होतं. इनास म्हापशाच्या बाजूचा. तिथल्या काही भाविक मंडळींनी एक छोटं प्रार्थना-मंडळ काढलं होतं, त्यांनी याला प्रचारक करून पेडणे तालुक्यात धाडलं होतं. आमच्या वाड्यावर ख्रिस्त्याचं एकही घर नाही, म्हणून मुद्दाम आमचाच वाडा निवडला असावा. मुदत तीन वर्षांची. तेवढ्यात छोटासा का होईना, येशूला मानणाऱ्यांचा एक कळप उभा करायचा, नाहीतर परत. हे सगळं त्यानं मला पहिल्याच भेटीत, न विचारता सांगितलं. धंद्यातल्या माणसानं आपले पत्ते असे उघडे टाकू नयेत, पण त्याला ते कधीच जमलं नाही.

येशूची सभा ती काही कोकणीची सभा नव्हे, असं समजून मी भोंगे दिले. पहिली सभा तिठ्यावर झाली. "म्हज्या भावांनो आनी भयणींनो," इनासनं सुरुवात केली आणि पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. आमच्या बाजूची पोरं ओरडली, "कोकणीचा प्रचारक! कोकणीचा प्रचारक!" किराणावाला गोकुळदास हा कोकणीचा कडवा माणूस. तो दुकानातून धावत आला आणि लक्ष्मीच्या तसबिरीसाठी आणलेला हार त्यानं इनासच्या गळ्यात घातला. मग मात्र माझा संयम सुटला आणि मी वायरच ओढली. इनास बिचारा गळ्यात हार आणि हातात मुका माइक घेऊन उभा.

पुढच्या आठवड्यात तो शहाणा होऊन आला. मराठी शुभवर्तमान घेऊन आला आणि शुद्ध मराठीत वाचू लागला. आता आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि गोकुळदास "फसवलं रे!" म्हणत उठून गेला. वाचन संपल्यावर इनासनं मोठ्या आशेनं विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का? एकानं हात वर केला. "येशू मराठीच्या बाजूचा, असं तुम्ही लिहून द्याल काय?"

आमच्याकडे तुम्ही लोकांना देव बदला म्हणालात, तर ते तुम्हाला बसायला पाट देतील, चहा देतील आणि सगळं ऐकून घेतील. पण तो देव कुठल्या भाषेत बोलतो, हे सांगायला गेलात तर मग तुमचं काही खरं नाही. इनासनं माइकचा नाद सोडला, आणि माझं एक गिऱ्हाईक गेलं.

त्याला राहायला जागा दिली माझ्या चुलतीनं, सत्यवतीकाकीनं. काकीचा नवरा लवकर गेला. मुलगा साईश डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा, महिन्यातून एखाद दिवस घरी यायचा. थोडे माड, थोडी काजूची झाडं, एक म्हैस आणि गावभर चालणारं तोंड, ही काकीची इस्टेट. सोप्याला लागून एक खोली रिकामी होती, ती तिनं इनासला दाखवली आणि कंबरेवर हात ठेवून दोन अटी सांगितल्या.

"घरात गाय-बैल शिजवूचो नाय. आणि माका बाटवूचां नाय."

"काकी, म्हाका शिजोवंकूच येना," इनास म्हणाला. "आनी दुसरें, तें म्हजें कामूच."

काकीनं जरा विचार केला. "मगे काम कर. पण सुरवात माझ्यापसून नको."

सुरुवातीला काकीनं त्याचा कप आणि ताटली वेगळी ठेवली होती, खिडकीत. ते मी लपवत नाही. आमची पद्धत तशी होती आणि ती काही चांगली नव्हती. कधीतरी तो कप बाकीच्या कपांत मिसळला. काकीला मी चिडवलं, तर म्हणाली, वेगळं घासायचा कंटाळा येतो. कारण काहीही असो, मला बरं वाटलं.

माइक गेल्यावर इनासनं मंडळानं शिकवलेली दुसरी रीत धरली. घरोघरी जायचं, वाद घालायचा नाही, मऊ आवाजात एकच प्रश्न विचारायचा: तुमच्या मनाला शांती आहे काय? माणूस 'नाही' म्हणाला की मग जेजूचं नाव काढायचं. ज्यानं कोणी ही रीत शोधली असेल, त्यानं पेडणे तालुक्यात पाऊल टाकलं नसावं. इनासनं पहिला प्रश्न काकीलाच विचारला.

"शांती?" काकी म्हणाली. "खयची रे शांती, पूता? बस, सांगतंय."

आणि तिनं शेताच्या बांधापासून सुरुवात केली. बांधावरून दीर, दिरावरून जाऊ, जावेवरून लग्नात मोडलेली समई, समईवरून साईशला मुलगी बघायचं राहून गेलंय ते. दिवेलागण झाली तरी काकी समईच्या आसपासच होती. जेजूला आत शिरायला तिनं फटच ठेवली नाही. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. आमच्या गावात बोलणारे सगळे आणि ऐकणारा एकही नाही, अशी परिस्थिती होती. हा पठ्ठ्या मान खाली घालून ऐकायचा. नुसता ऐकायचा नाही, लक्षात ठेवायचा. पुढल्या खेपेला विचारायचा, गुडघा कसा आहे, सून माहेराहून आली काय. लोक त्याला 'ब्रदर, ब्रदर' म्हणून रस्त्यातून हाका मारून बोलावू लागले. प्रचारकाला लोक दार उघडत नाहीत, अशी तक्रार मी बाहेरगावच्या एकाकडून ऐकली होती. आमच्या प्रचारकाला लोक दाराबाहेर सोडत नव्हते.

मग आली तिसरी रीत. मंडळानं त्याला रंगीत चित्रांची एक मोठी गुंडाळी पाठवली. काकीच्या अंगणात ती माडाला टांगून तो जेजूची गोष्ट सांगू लागला. अंगण भरायचं, कारण आमच्या लोकांना गोष्टीचं भयंकर वेड. आणि सगळ्यांत पुढे बसायचा दत्ताराम. दत्ताराम म्हणजे आमच्याकडचा दशावतारी नट. राक्षसाचं काम असं करायचा की बायका पोरांना पदराखाली घ्यायच्या. त्यानं पहिल्याच दिवशी इनासच्या कामाची झाडाझडती घेतली.

"ब्रदर, गोष्ट बरी असा. मेललो माणूस तिसऱ्या दिसा उठता, एन्ट्री झकास. पण तू लोकांका रडूक दिणस नाय. लोक रडाक लागले की तू मधीच उपदेश करतंस. रडांदेत मरे तेंका!"

इनासनं ते ऐकलं. पुढच्या वेळी क्रुसाखाली उभ्या राहिलेल्या आईचं चित्र आलं, तेव्हा तो गप्प राहिला. अंगणात कोणी हललं नाही. काकी मोठ्यानं रडली. "आवशीच्या डोळ्यांमुखार झिलाक मारल्यानी गे," म्हणत रडली. ती गोष्ट ज्याला हलवत नाही, त्याचं काळीज तपासून घ्यायला हवं, असं मला आजही वाटतं.

पण रडून झाल्यावर काय? इनासनं हळूच विचारलं, "काकी, कसो दिसलो जेजू?"

"बरो देव," काकी डोळे पुसत म्हणाली. "तुका गावलो, सांभाळ हां."

इनासचं नेमकं दुखणं हे होतं. दोन वर्षांत तो आमच्यासारखं बोलायला शिकला होता. एकदा माझ्या दुकानात बसून म्हणाला, "किशनाथ, तुमी लोक सगळ्याक बरां म्हणतात. कोण नाय म्हणाले, तर वाद तरी घालूक येतलो. शिव्या घातल्यो, तर सोसूक तरी येतल्यो. हयसर नुसतीच च्या गावता."

माझं नाव कृष्णनाथ, पण ते त्याला कधी नीट जमलं नाही. मी म्हटलं, "मग चहा घे." दुसरं काय म्हणणार?

म्हशीची गोष्ट सांगितल्याशिवाय इनास तुम्हाला कळायचा नाही. काकीची म्हैस एकदा खाणंपिणं सोडून बसली. काकीनं देवीला नारळ सांगितला आणि खबरदारी म्हणून इनासलाही सांगितलं, तुझ्या जेजूलाही सांग. इनास गोठ्यात गुडघे टेकून बसला आणि मनापासून प्रार्थना केली. संध्याकाळी म्हैस उठली, वैरणीला लागली. काकीनं दारोदार जाऊन डंका पिटला: ब्रदराच्या हाताला गुण आहे! दुसऱ्या दिवशी गावातल्या आजारी गुरांची काकीच्या दारात रांग. दुसरा कोणी प्रचारक असता, तर त्यानं या रांगेचा कळप करून दाखवला असता. हा गृहस्थ त्या रांगेतल्या प्रत्येकाला हात जोडून सांगत सुटला, की सकाळी पेडण्याहून डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला होता, मी त्यानंतर बसलो.

"मेल्या, तुजो धंदो चलूचो नाय!" दत्ताराम कपाळावर हात मारून म्हणाला. "स्वताचोच चमत्कार कोण खोटो पाडता?"

"पण डॉक्टर खरोच इलो होतो," इनास म्हणाला.

त्या दिवसापासून गावाचा त्याच्यावर असा भरवसा बसला, की भांडणात लोक त्याला साक्षीला बोलावू लागले. ब्रदर म्हणाला म्हणजे तसंच असणार. बांधावरचा काकीचा आणि तिच्या दिराचा वादही त्यानंच मिटवला. दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं, एवढंच केलं. सत्त्याऐंशीत गोवा घटक राज्य झालं, तेव्हा गोकुळदासनं पेढे वाटले. कोकणी राजभाषा झाली याचा मला राग, म्हणून मी ते खाल्ले नाहीत. माझ्या वाटणीचे इनासनं खाल्ले आणि मग गोकुळदासला माझ्याकडे, मला गोकुळदासकडे घेऊन जाऊन त्यानं आम्हा दोघांना बोलतं केलं. कळप मात्र शून्य.

तीन वर्षं सरली, वर चार-पाच महिने गेले, आणि मंडळाचे प्रमुख कळप बघायला येणार असा निरोप आला. येत्या रविवारी. सिप्रियान सायब त्यांचं नाव. इनास त्या रात्री जेवला नाही. काकीच्या घरात न जेवण्याची मुभा कोणालाच नव्हती. तिनं ताट त्याच्या पुढ्यात आपटलं आणि कारण काढूनच घेतलं. आदल्या रात्रीचं सगळं तिनं सकाळी माझ्या दुकानात येऊन मला आणि दत्तारामला सांगितलं.

"त्येका इचारतले, किती माणसां झाली. आणि ह्यो खुळो सांगतलो, एकय नाय. मगे त्येका घेवन जातले." बोलता बोलता तिचा आवाज फाटला. "माका म्हणता कसो, काकी, मी ल्हान असताना आवस गेली, मी बोर्डिंगात वाढलंय. जेवूक उशीर झालो म्हणान माका आजून कोणीच गाळी घालूक नाय. तूच पयली."

दत्तारामनं तोंड फिरवलं. राक्षस करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलेलं बरं दिसत नाही, हे त्यालाही कळत होतं.

"मगे कळप होयो ना? दाखवया कळप!" काकी एकदम म्हणाली. "गाव भरून माणसां बसवया. सायब इचारीत, कोण कोण आयलास जेजूकडे, की सगळ्यांनी हात वर करूचे. ब्रदराक आधी सांगा नको, तो घोळ घालतलो."

मी जरा चाचरलो. खोटं ते खोटंच, आणि तेही देवाच्या नावानं. वाड्यावरच्या एक-दोन म्हाताऱ्यांनीही शंका काढली, हात वर केला आणि खरोखरच बाटलो तर? त्यावर दत्ताराम उसळला. "मी नाटकात राक्षस होतंय. घराकडे येवन कोणाक खातंय काय?" मग म्हाताऱ्यांनीही माना डोलावल्या.

रविवारी काकीच्या अंगणात मांडव पडला. मी भोंगे लावले, अर्थात फुकट. काजूचा हंगाम ऐन भरात, तरी बोंडू मळून रस काढायचं टाकून सगळा वाडा आला. गोकुळदास दुकान बंद करून आला आणि माझ्या शेजारी बसला. इनासला वाटलं, निरोप द्यायला जमले आहेत. तो प्रत्येकापाशी जाऊन हात हातात घेत होता आणि आम्ही त्याच्या डोळ्यांत बघायचं टाळत होतो.

सिप्रियान सायब आले. साठीचे, उंचेपुरे, पांढरा शर्ट घामानं भिजलेला, पण चेहरा प्रसन्न. भरलेलं अंगण बघून ते दारातच थबकले. मग त्यांनी माझ्याकडून माइक घेतला, मराठीत दोन शब्द बोलले आणि विचारलं, "या गावात प्रभूला आपलं मानणारे किती जण आहेत? हात वर करा बघू!"

सगळे हात वर गेले. दत्तारामनं दोन्ही वर केले; नटाला हात आखडता घ्यायची सवय नसते. इनासचा चेहरा पांढराफटक पडला. "सायब, हें..." तो पुढे सरसावला, पण सायबांनी त्याला मिठीतच घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "इनास! तीन वर्षांत इतकी माणसं! अरे, तुझ्यासारखा माणूस इथं कशाला अडकवून ठेवायचा? मंडळाकडे जाऊन आजच सांगतो. याला डिचोलीच्या खाणपट्ट्यात पाठवा, तिथं काम कठीण आहे. इथला तयार कळप दुसरा कोणी सांभाळील. पुढच्याच आठवड्यात नीघ!"

हात एकेक करून खाली आले. वर गेले होते त्यापेक्षा बरेच लवकर आले. आमची सगळी अक्कल आमच्याच पायावर पडली होती. पहिली उठली ती काकी.

"सायबानू, थांबा. आमी खोटां बोललों." तिनं पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. "ह्यातलो एक पण तुमचो नाय. सगळे देवीचे. ब्रदराक ह्यातलां कायच ठावक नाय. सगळ्यांका मी बोलयलंय, गाळी घालूच्यो तर माका घाला."

सायबांचा चेहरा उतरत गेला तो बघवेना. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते वाटणं साहजिक होतं. देवाच्या नावानं आम्ही त्यांची थट्टा केली, असंच कोणीही समजलं असतं. ते इनासकडे वळले. "खरें सांग. किती?"

"एकूय ना, सायब," इनास म्हणाला. "तीन वर्सांनी एकूय ना."

"मग तुझं इथं काय काम?" सायब थंड आवाजात म्हणाले. "सामान बांध. आज माझ्याबरोबर चल."

म्हणजे यश आलं तरी तो जाणार होता आणि अपयश आलं तरी जाणारच होता. इनास खोलीकडे निघालाही. मला रडू येत होतं आणि सायबांचा राग येत होता, आणि राग धरायला त्यांची काही चूकही सापडत नव्हती. एवढ्यात दत्ताराम उठला. त्यानं खांद्यावरचा पंचा काढून कमरेला बांधला, पायांतली चप्पल बाजूला सारली आणि त्या चित्रांच्या गुंडाळीसमोर, जी अजून माडालाच टांगलेली होती, हात जोडून उभा राहिला.

आमच्याकडे कोणतंही कार्य असलं, संकट असलं, की गावाच्या वतीनं एक जण देवापुढे उभा राहून मोठ्यानं गाऱ्हाणं घालतो. जे काय असेल ते देवाला सरळ सांगायचं, आडपडदा ठेवायचा नाही. तो थांबला, की सगळ्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. दत्तारामच्या तोंडून ते मी आयुष्यभर देवळात ऐकत आलो होतो. या देवापुढे ते कोणी घातल्याचं मात्र मी कधी ऐकलं नव्हतं.

"बा जेजू म्हाराजा!" दत्तारामचा आवाज भोंग्यांशिवाय वाडाभर गेला.

सवयीनं सगळा मांडव उभा राहिला. "व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो सगळो गाव तुझ्या पायांकडे उभो असा. तुझी वळख आमका ह्या इनासान करून दिल्यान. तुझो जल्म, तुझां मरण, तुझां परत उठणां, सगळां आमका पाठ असा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पण आमी तुझे झालों नाय. आमची देवी आमका असा, ती सोडूक आमका जमणा नाय. ह्येच्यात इनासाचो दोष नाय. सांगूचां तितकां त्येणां सांगल्यान. तेवा त्येच्या कपाळार अपेशाचो डाग लावू नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज आमी तुझ्या दारात खोटे हात वर केले. ती चूक आमची. शिक्षा करूची तर आमका कर, त्येका नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गोकुळदास माझ्या कानाशी एवढ्या जोरानं ओरडला, की मी दचकलो.

"आणि जो कोण त्येका हयसून हलवूक बघता, त्येची बुद्धी फिरव. तो सायब वायट माणूस नाय. उनातान्हातसून लांब इलो असा. त्येच्या मनातलो आमच्यावरचो राग काढून टाक. आणि ह्या आमच्या पोराक आमच्यात ठेव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

हा शेवटचा आवाज भोंग्यांतूनही आला. मी चमकून वर बघितलं. माइक अजून सिप्रियान सायबांच्याच हातात होता. त्यांचं तोंड उघडं होतं, आणि ते 'व्हय म्हाराजा' त्यांच्याही तोंडून निघालं होतं. तिठ्यापर्यंत गेलं असणार.

सायब मटकन खुर्चीवर बसले. काकीनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी अर्धा रिकामा केला. मग कोणाकडे न बघता म्हणाले, "आमच्या गावात खुरसाकडे, म्हणजे क्रुसापाशी, लादाईन म्हणतात. म्हाताऱ्या बायका प्रार्थनेची एक ओळ म्हणायच्या आणि आम्ही पोरं जाब द्यायचो. तोंड आपोआप उघडलं." त्यांना आधी थोडं हसू आलं, आणि ते थांबेना. मांडवही हसला. मग त्यांनी चष्मा पुसला.

"इनास, हांगा यो," ते म्हणाले. इनास समोर येऊन उभा राहिला, डोळे लाल. "मी तीस वर्षं जेजूचं नाव सांगत गावोगाव हिंडलो. पुष्कळ लोक आले माझ्याकडे. पण हा माणूस आमच्यात ठेव, म्हणून माझ्यासाठी कुठल्याच गावानं जेजूकडे मागितलं नाही. मंडळाला काय सांगायचं ते माझ्यावर सोड. तू राहा."

मांडवात जो काही गलका झाला, तो सांगता येणार नाही. दत्तारामनं सायबांना उचललंच असतं, पण त्यांच्या वयाकडे बघून त्यानं मला उचललं. सायब उकडा भात आणि सुंगटाची म्हणजे कोळंबीची कढी जेवले, दोनदा वाढून घेतली, आणि काकीला नमस्कार करून गेले.

माणसं पांगली. मी वायरी गुंडाळत होतो. काकी आणि इनास चटया गोळा करत होते. इनास थोडा वेळ घुटमळला आणि मग त्यानं विचारलंच. प्रचारक तो शेवटी, आशा कशी सुटणार?

"काकी, तू आज जेजूक हात जोडलंस. सगळ्यांच्यावर तुझो आवाज होतो. म्हणजे..."

"म्हणजे काय?" काकी चटई झटकत म्हणाली. "तुझ्यासाठी मागूचां होतां. तुझ्यासाठी तुझ्याच देवाकडे मागूक नको? देवीकडे तर मी तुझ्यासाठी रोजच मागतंय. सकाळी दिवो लावतंय तेवा पयलां तुझां नाव, मगे साईशाचां."

इनासच्या हातातली चटई तशीच राहिली. "आणि मी रोज रात्री तुझ्यासाठी जेजूकडे मागतंय, काकी."

"ठावक असा माका," काकी म्हणाली. "भिंत पातळ असा. मागत रव."